कार्बोरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण उघडा

पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिलेली जुनी स्प्लेंडर किंवा आरएक्स १०० किकला दाद देत नसेल, तर लगेच कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, पाना लावू नका. पेट्रोल टाकीतून खाली येतं, दोषही त्याच वाटेनं शोधायचा. कार्बोरेटर चकाचक केला आणि टाकीतला गंज तसाच राहिला, तर त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, पुन्हा चोंदणारच.

इंजिन थंड होऊ द्या आणि गाडी उघड्यावर घ्या. बेसमेंटमध्ये हे काम मुळीच करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि पाण्याच्या पंपाच्या बटणाची ठिणगीही तिला पुरते.

कार्बोरेटरकडचं नळीचं टोक काढून बाटलीत धरा आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, चालू करा. धार अखंड हवी. थेंबथेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडा. धार लगेच सुधारली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातं पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं नीट धावून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, ती बहुतेकदा यामुळेच. झाकणानं फरक पडला नाही, तर कॉक काढून जाळी बघा. विटकरी भुकटी दिसली की टाकी आतून गंजली आहे.

धार चांगली असेल तर कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा (तिथे पेट्रोल साठतं) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे हललेले दिसले, तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. वरून ताजं पेट्रोल ओतून हे सुटत नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. कडक किंवा चिकट झालेली रबरी नळीही याच वेळी बदला.

आता जेट. चोक ओढल्यावरच गाडी टिकते, सोडला की बंद पडते, तर स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा) चोंदलाय किंवा कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडाच्या रबरातून हवा ओढली जातेय. आयडलला (रेस न देता) व्यवस्थित, पण रेस वाढवली की दम तोडते, तर मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल देणारा) बघा. जेटमध्ये स्टीलची तार कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर जेट गेला. क्लीनर फवारा, थोडा वेळ मुरू द्या, मग पंक्चरवाल्याकडची हवा मारा. त्याआधी फ्लोट (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा तुकडा) आणि रबरी रिंगा काढून ठेवा. उजेडाकडे धरल्यावर भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. नवा जेट घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना सोबत न्या, त्यावरचा आकडा जुळला पाहिजे.

कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे बाहेर काढा. आकडा हरवला तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा. आत पिळताना जोर लावू नका, टोक खराब होतं.

ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोट कानाजवळ हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला, तर त्यात पेट्रोल शिरलंय, म्हणजे तो बदलायचा. फ्लोटच्या जोरावर पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकावर बारीक कडं उमटलं असेल, तर सुईही बदला. जुन्या गाड्यांत गळतीमागे हेच कडं बरेचदा सापडतं आणि नुसत्या साफसफाईनं ते जात नाही.

सगळं बसवल्यावर किक मारण्याची घाई नको. कॉक चालू करून गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. पुठ्ठ्यावर एकही डाग पडला नाही, की मगच किक.