अबकारीत येताय? निवृत्तीनंतरच्या बंधनांचंही आताच बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मराठी माध्यमातली मुलं कर्नाटकच्या अबकारी खात्याच्या भरतीची तयारी करताना भेटतात. कन्नडचा पेपर कसा काढायचा, हे सगळेच विचारतात. नोकरी संपल्यावर कुठं जाता येतं, हे कुणी विचारत नाही. याच खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून तेच आधी सांगतो.

आपल्याकडं हे खातं म्हणजे नुसती कणकुंबीजवळ गोव्याची दारू पकडणं नव्हे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरी आहेत, मळी आहे, सीएल-२ परवान्याची दारूची दुकानं, सीएल-७ ची लॉज, सीएल-९ चे बार आहेत. कुणाची फाइल कुठं अडलीय, तपासणीला आलेला माणूस आधी काय उघडून बघतो, हे आपल्याला पाठ असतं. धंदेवाल्याला निवृत्त अधिकारी हवा असतो तो यासाठीच.

मलाही निवृत्तीआधीच निरोप आला. "साहेब, काम काय नाही, नुसतं येऊन बसा की!" मी नको म्हटलं. ज्याचा साठा मी तपासला त्याच्याच पगारावर बसून हाताखालच्या पोरांना फोन करायचा? त्यांना मला नाही म्हणणं किती जड गेलं असतं!

आता नियम. केंद्राचे गट अ अधिकारी आणि आयएएस यांना निवृत्तीनंतर १ वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. पूर्वी ही मुदत २ वर्षं होती. सरकारी अनुभवाच्या जोरावर सल्लागार म्हणून बसणंही त्यात येतं, आणि न विचारता गेलं तर पेन्शनवर गदा येऊ शकते. इन्स्पेक्टर, सबइन्स्पेक्टर मात्र राज्यसेवेतले. आपल्या पदाला काय लागू आहे ते आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. चहाच्या टपरीवरचं ऐकू नका.

माझ्या मते दारूच्या खात्याला १ वर्ष अपुरं आहे. कर्नाटकात परवान्याचं वर्ष जुलै ते जून चालतं, म्हणजे एवढ्या मुदतीत नूतनीकरणाची एकच फेरी सरते. आणि बंधन खालच्या पदांनाही हवं, कारण गोदामात प्रत्यक्ष जातो तो सबइन्स्पेक्टरच.

नोकरीत असतानाच कुणी असा निरोप धाडला तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि त्याची फाइल दुसऱ्याकडं द्यायला सांगा. शेवटच्या काही वर्षांत कुणाकुणाचे परवाने आपल्या हाताखालून गेले, त्याची यादीही स्वतःजवळ ठेवा. पुढं कुणी बोलावलं, तर आधी ती यादी काढून बघायची.