ब्रेडची गाठ सुटते का? या चुका टाळा

गळाच्या मासेमारीत तंगुसाला (नायलॉनच्या दोराला) गाठ मारायचा हात बसलेला माणूस ब्रेडवर, म्हणजे विणलेल्या दोरावर, आला की पहिल्या महिन्यात दोन-तीन ल्युअर (नकली आमिषं) समुद्राला देतोच. मीही दिले. रत्नागिरीजवळच्या एका खडपावर, भरतीच्या तोंडावर काहीतरी दणकट लागलं, रॉड वाकला आणि पुढच्या क्षणी हातात नुसता वारा. लाईन गुंडाळून टोक पाहिलं तर ते तुटलेलं नव्हतंच. घरून कात्रीने कापलेलं टोक जसंच्या तसं, फक्त जरासं नागमोडी झालेलं. सुधारित क्लिंच गाठ, जी तंगुसाला वर्षानुवर्षं मारत आलो होतो, ती पूर्ण उलगडून गेली होती. मासा मोठा होता म्हणून लाईन तुटली, असं घरी सांगायचीही सोय राहिली नाही.

तेव्हा पहिली चूक हीच: टोक न बघता, चरफडत लगेच नवी गाठ मारायला बसणं. आधी टोक बघा. ते अखंड आणि नागमोडी असेल तर गाठ सरकली. धागे वरखाली तुटून टोकाला कुंचल्यासारखे पिंजारले असतील तर लाईन ताणाखाली तुटली. तोडलेल्यासारखं स्वच्छ असेल तर कालवांनी किंवा कातळाच्या धारेने कापलं, आणि तिथे जगातली कुठलीही गाठ वाचवू शकत नाही. त्याला लांब आणि जाड लीडर, म्हणजे ब्रेड आणि गळ यांच्यामध्ये जोडायचा एकतंतू दोराचा तुकडा, लागतो. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळून आलं तर लीडरच्या बाजूचे वेढे सुटले. इतकं कळलं की अर्धं काम झालं.

ब्रेड असा का वागतो? तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच जाड तंतू. तो ताणतो, दबतो, स्वतःवरच चावा घेऊन बसतो. ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक धाग्यांची चार किंवा आठ पदरी वेणी. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच जातीच्या धाग्याची व्यापारी नावं. हा धागा मुळातच गुळगुळीत, पाण्यावर तरंगणारा आणि जवळजवळ न ताणणारा. नायलॉन तुटण्याआधी वीस-पंचवीस टक्के सहज लांबतो, ब्रेड तीन-चार टक्के. त्यामुळे झटका मधे कुठेच जिरत नाही, सरळ गाठीवर येतो. शिवाय तेवढ्याच ताकदीचा ब्रेड कितीतरी बारीक असतो. पीई २ (पीई म्हणजे ब्रेडच्या जाडीचा आकडा) म्हणजे जेमतेम ०.२३ मिलिमीटर. एवढ्या बारीक, निसरड्या दोराला पाच वेढे म्हणजे काहीच नाही.

म्हणून वेढे वाढवा. युनी गाठ तंगुसाला चार-पाच वेढ्यांत बसते, ब्रेडला आठ घाला. डबल युनीने ब्रेड लीडरला जोडताना बहुतेक जण दोन्हीकडे सारखे वेढे घालतात, दिसायला छान म्हणून. पण जाड लीडरला आठ वेढे घातले तर ती गाठ घट्टच होत नाही, बोंडासारखी फुगते. ब्रेडकडे आठ, लीडरकडे तीन-चार. दोन्ही गाठी आधी वेगवेगळ्या बसवा, मग एकमेकींवर सरकवून ओढा.

गळ किंवा स्विव्हल (फिरती कडी) थेट ब्रेडला बांधायचं असेल तर पालोमारसारखी सोपी आणि भरवशाची गाठ नाही. दोर दुहेरी करून नेढ्यातून काढायचा, त्या दुहेरी दोराचीच एक सैल साधी गाठ मारायची, पुढच्या फासातून गळ आरपार काढायचा, ओला करून दोन्ही टोकं धरून ओढायचं. बिघडते कुठे? दुहेरी पदर एकमेकांवर चढतात, आणि एक पदर दुसऱ्याला कापतो. घट्ट करण्याआधी पदर शेजारी-शेजारी आहेत ना, हे बघायला दोन सेकंद लागतात. दुसरं, तीन-तीन टोकांचे दोन गळ लटकणाऱ्या ल्युअरला फास अपुरा पडतो, मग लोक तो ओढून-ताणून गळावर खरवडत घालतात. फास आधीच वीतभर मोठा घ्या. दोर थोडा वाया जाईल, जाऊ दे.

आता एफजी, ब्रेड लीडरला जोडायची दुसरी गाठ. ही गाठ जमली की वेड लावते, कारण लीडर दुमडतच नाही, ब्रेड त्याच्यावर एकाआड एक बाजूने विणला जातो आणि सगळी जोडणी रॉडच्या कड्यांतून न अडखळता जाते. वीसेक वेढे, मग हाफ हिच (साधे अर्धे फास). पण दहापैकी आठ जणांची एफजी एकाच कारणाने सुटते: वेढे घालताना ताण ढिला पडतो, आणि शेवटी ती खऱ्या अर्थाने कधी बसवलीच जात नाही. गाठ ओली करून जोरात ओढली की ब्रेड लीडरमध्ये रुततो आणि त्याचा रंग गडद होतो. हा बदल दिसला नाही तर लीडरचं उरलेलं टोक कापूच नका. कापलं की गाठ तिथेच संपली, फक्त तुम्हाला मासा लागल्यावर कळेल.

माझं मत विचाराल तर एफजी ही घरी, पंख्याखाली बसून मारायची गाठ आहे. पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या मुखाशी जिताड्यासाठी उभे आहात, अंधार पडतोय, हात ओले आणि वारा अंगावर. तिथे डबल युनी मारा आणि गळ पाण्यात टाका. चांगली बसलेली साधी गाठ ही अर्धवट बसलेल्या भारी गाठीपेक्षा केव्हाही बरी.

ओढताना ब्रेड बोटाला गुंडाळू नका. बारीक दोर आहे, ब्लेडसारखा आत जातो, आणि खाऱ्या पाण्यात ती जखम दोन दिवस ठणकते. फडकं घ्या, नाहीतर टोक पक्कडीच्या दांड्याला गुंडाळा. आणि कोरडी गाठ ओढू नका. हा धागा १४५ अंशांच्या आसपास वितळतो, नायलॉन त्याहून बरंच वर. घर्षणाच्या उष्णतेपुढे ब्रेड तंगुसापेक्षा हळवा आहे. लीडरच्या टोकाला लायटरने बोंड करणारे लोक जवळचा ब्रेडही भाजतात, हेही त्याच चुकीचं भावंड.

फेविक्विकचा थेंब टाकून गाठ पक्की होते, हा समज काही केल्या जात नाही. पॉलिएथिलीनला गोंद धरत नाही. थेंबाने वरचं टोक पिंजारायचं थांबेल एवढंच. सुटणारी गाठ सुटतेच.

एक तक्रार हमखास ऐकू येते: "काका, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) पूर्ण आवळला तरी मासा लाईन नेतो, रीळ खराब आहे." रीळ ठीक असतं. स्पूलच्या (रिळाच्या फिरकीच्या) गुळगुळीत धातूवर ब्रेड थेट गुंडाळलेला असतो, आणि सगळा गठ्ठाच आत गरगर फिरतो. स्पूल अंगठ्याने धरून लाईन ओढा. स्पूल स्थिर आणि गठ्ठा हलला तर रोग सापडला. खाली दहा-पंधरा मीटर तंगूस भरून त्याला ब्रेड जोडा, किंवा सुरुवातीच्या वेढ्यांवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा.

टोक कापायला नेलकटर घेऊ नका, तो ब्रेड चावतो आणि पिंजारतो. धारदार छोटी कात्री ठेवा, आणि गाठीपासून तीन-चार मिलिमीटर टोक सोडा. अगदी मुळाशी कापलेली गाठ दिसते सुबक, पण पहिल्या झटक्यात थोडी बसते म्हणजे थोडी सरकतेच, आणि सरकायला टोकच नसतं.

घरी तपासायचं असेल तर सामान तोलायचा हुकवाला काटा दाराच्या कडीला अडकवा, चष्मा लावा आणि हळूहळू ओढा. तीस पौंडाची लाईन म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडी वर. काटा सहा-सातवर असताना गाठ सरकायला लागली, तर ती समुद्रावर नेऊ नका. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, त्यामुळे निम्म्याला सुटणारी गाठ शांत माशाला पुरेल; गोबरा कपारीकडे वळला की नाही पुरणार.

फेकताना कड्यांतून टकटक आवाज येत असेल तर लीडरची जोडणी रिळावर गेली आहे. लीडर इतका आखूड ठेवा की फेकायच्या क्षणी ती गाठ रॉडच्या टोकाबाहेर लोंबेल. लांब लीडर हवाच असेल तर डबल युनी सोडा आणि एफजीला बसा.