लिनक्सवर अपडेट येतच नाहीयेत? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

इंदूरात आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलंय, त्यात भंवरकुआंकडे रूम घेऊन कोचिंग करणारी पोरं तर खूपच, आणि सगळ्यांची तक्रार एकच की कित्येक दिवसांत अपडेट आलं नाही, सिस्टिम बिघडलीये वाटतं, नव्याने टाकू का? नका टाकू. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं, अपडेट कुठेतरी थांबलेलं असतं आणि का थांबलंय ते सिस्टिम स्वतःच सांगते, फक्त वाचायला हवं.

कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका. पहिली सुडो ॲप्ट अपडेट. हिने काहीच इन्स्टॉल होत नाही बरं का, फक्त नवीन काय आलंय त्याची यादी खाली येते. इन्स्टॉल करायला सुडो ॲप्ट अपग्रेड. खूप जण पहिलीच मारून समाधानी होतात.

आता मुद्द्याचं. उबंटूत आपोआप अपडेट करणारा प्रोग्राम आहे, अनअटेंडेड अपग्रेड्स, तो मुळात मुख्यतः सिक्युरिटीचीच अपडेट टाकतो, बाकीची तुम्हालाच टाकायची असतात. आणि तो दोन ठिकाणी मुद्दाम गप्प बसतो: लॅपटॉप बॅटरीवर असला तर, आणि नेट मीटर्ड, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, असलं तर. मोबाइलचा हॉटस्पॉट सिस्टिम बरेचदा मीटर्डच धरते. आता रूमवर हॉटस्पॉट, लायब्ररीत बॅटरी, असं ज्याचं रोजचं चाललंय त्याच्याकडे अपडेट येणार कधी? चूक कोणाचीच नाही, तुमचा डेटा वाचावा म्हणूनच तसं ठेवलंय. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा चार्जर लावून, घरच्या ब्रॉडबँडवर किंवा डेटा शिल्लक असेल त्या दिवशी हॉटस्पॉटवरच, वरच्या दोन्ही कमांड हाताने मारायच्या, हाताने मारल्यावर ही अट आड येत नाही. तो प्रोग्राम शेवटचा कधी चालला आणि काय केलं हे व्हार, त्यात लॉग, त्यात अनअटेंडेड-अपग्रेड्स या फोल्डरमधल्या लॉग फाइलीत तारखेसकट मिळतं.

ॲप्ट अपडेट मारल्यावरच एरर आली तर तिची ओळ नीट वाचा. रिलीज फाइल अजून व्हॅलिड नाही असं म्हणत असेल तर घड्याळ मागे गेलंय, जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की हे होतंच, तारीख नीट करा की चालू. नो पबकी दिसलं तर बाहेरून जोडलेल्या एखाद्या रेपोची, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून येतं त्या साठ्याची, खरेपणा तपासायची चावी नाहीये, तो रेपो वापरत नसाल तर काढून टाका. लॉक मिळत नाही म्हणत असेल तर मागे दुसरं अपडेट चालू आहे, थांबा जरा, इंटरनेटवर लॉक फाइल डिलीट करा म्हणून सल्ले मिळतात ते अजिबात ऐकू नका, अर्धवट इन्स्टॉल राहिलं की खरा त्रास तेव्हा सुरू होतो. मध्येच लाइट जाऊन तसं झालंच असेल तर सुडो डीपीकेजी, मग दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग एक डॅश ए.

काही पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, केप्ट बॅक म्हणून मागे राहतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उबंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही, थोड्याथोड्या मशीनना देत जातं म्हणजे गडबड निघाली तर थांबवता येते, नवीन व्हर्जनमध्ये तिथे फेजिंग हा शब्दच दिसतो, काही दिवसांत तुमचा नंबर लागतो. तसं नसेल तर कधीतरी कोणीतरी पॅकेज अडकवून ठेवलेलं असतं, ॲप्ट-मार्क शोहोल्ड मारली की नावं दिसतात, मग सुडो ॲप्ट-मार्क अनहोल्ड आणि पुढे ते नाव.

डिस्कही बघा, डीएफ डॅश एच. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर जुन्या कर्नलनी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी, भरून जातं, सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्हने मोकळं होतं.

फायरफॉक्स मात्र ॲप्टमध्ये शोधू नका, उबंटूच्या 22.04 व्हर्जनपासून ते स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमध्ये येतं, त्याला सुडो स्नॅप रिफ्रेश. आणि ब्राउझर कधीच बंद करत नसाल तर त्याचं अपडेट लटकून राहतं. कर्नलचंही तसंच, इन्स्टॉल होतं पण रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच चालत असतो.

एवढं सगळं करून 404, म्हणजे फाइल सापडत नाही, हीच एरर येत असेल तर व्हर्जनच संपलेलं असू शकतं. एलटीएसला, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या व्हर्जनला, 5 वर्षं अपडेट मिळतात, मधल्या व्हर्जनना फक्त 9 महिने. 20.04 चा नेहमीचा सपोर्ट 2025 मध्ये संपला, त्यावर अडकलेल्यांनी उबंटू प्रो, म्हणजे वाढीव अपडेट देणारी सेवा, घ्यावं, घरगुती वापराला 5 मशीनपर्यंत फुकट आहे, नाहीतर डू-रिलीज-अपग्रेड या कमांडने पुढच्या व्हर्जनवर जावं. 20.04 वरून थेट 24.04 होत नाही, आधी 22.04 वर यायचं, मग पुढे. त्याआधी नोट्स आणि फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि काम संपेपर्यंत चार्जर काढू नका.