सरळ रेषेतली गती: मला 'एस'ने गाठलं होतं

गतीची तिन्ही समीकरणं तोंडपाठ आहेत आणि तरी गणितं सुटत नाहीयेत, अशी अवस्था असेल तर हे वाचा. माझी कित्येक महिने होती.

२५ मीटर उंच टॉवरवरून बॉल २० मी/से वेगाने सरळ वर फेकला, जमिनीवर कधी पडेल? जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) १० धरा. मी वरची दिशा प्लस धरली, यू (सुरुवातीचा वेग) = २०, ए (त्वरण) = -१०, इथपर्यंत बरोबर, आणि मग एस = यूटी + ½एटी² मधे (टी म्हणजे वेळ) टॉवर २५ चा म्हणून एस = २५ टाकलं. आलं टी² - ४टी + ५ = ०, ज्याला खरं उत्तरच नाही. तासभर आकडेमोड तपासत बसले, रडायचीच बाकी होते. आकडेमोड बरोबरच होती हो! एस म्हणजे टॉवरची उंची नाही, बॉलने कापलेलं अंतरही नाही. एस म्हणजे शेवटची जागा वजा सुरुवातीची जागा. बॉल हातातून सुटला तिथून २५ मीटर खाली पोचला, म्हणून एस = -२५. आता टी² - ४टी - ५ = ०, टी ५ किंवा -१, म्हणजे ५ सेकंद. मधे बॉल २० मीटर वर गेला, मग ४५ खाली आला, एकूण ६५ फिरला, तरी एस -२५च. वर जायचे २ आणि खाली यायचे ३ सेकंद वेगळे काढून बघा, तेच येतं.

म्हणून आधी चित्र, त्यावर शून्य कुठे आणि प्लस कुठली बाजू त्याचा बाण. बाजू कुठलीही घ्या, पण गणित संपेपर्यंत बदलायची नाही. 'वर जाताना जी मायनस, खाली येताना प्लस' असं शिकवणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही, मला याच वाक्याने सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं. जी कायम खालीच असतो, अगदी टोकाला वेग शून्य असतो तेव्हाही. आणि मायनस त्वरण म्हणजे वेग कमी होणं नव्हे, जमिनीवर आदळताना वेग -३०, त्वरण -१०, आणि बॉल अजून जोरात चाललेला असतो.

एन-व्या (समजा पाचव्या) एकाच सेकंदातला एस काढायचा शॉर्टकट पाठ करू नका, एन सेकंदांचा आणि एन-१ सेकंदांचा असा दोनदा एस काढून वजाबाकी करा.

घाबरू नका, प्लस-मायनसची साइन हातात बसायला वेळ लागतो, पण बसते. फक्त ब्रेकच्या गणितात सावध राहा. गाडी २० मी/से, ब्रेकने त्वरण -४, ८ सेकंदांत किती जाईल? फॉर्म्युला ३२ मीटर देतो. पण गाडी ५ सेकंदांतच ५० मीटरवर थांबलेली असते, फॉर्म्युला तिला पुढचे ३ सेकंद उलटी पळवतो. आधी थांबायची वेळ काढा, मगच टी टाका.