टपावर अँटेना बसवताना

गाडीवरच्या ड्रोनविरोधी यंत्रणेचे अँटेना बनवायच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात फिटरकाकांनी माझ्या हातात एक अँटेना दिला. मनगटाएवढा जाड, लष्करी हिरवा, फायबरच्या नळीत बंद. म्हणाले, "हलवून बघ." हलवला, तर नारळातल्यासारखं पाणी वाजलं.

हा अँटेना एका गाडीच्या टपावर एक पावसाळा काढून परत आला होता. त्याच्या कागदावर आयपी67 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) उत्तीर्ण असा शिक्का होता, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवून पास झालेला. मग पाणी आलं कुठून? मी ई अँड टीसीचा पदवीधर, सिम्युलेशनमध्ये बरा, पण उत्तर देता येईना. काका म्हणाले, "तो श्वास घेतो रे."

उन्हात उभ्या गाडीचा टप इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही. नळीतली हवा फुगते आणि सीलच्या फटीतून थोडी थोडी बाहेर पडते. मग वळवाची सर येते. नळी 70 अंशांवरून 25 वर आली तर आतला दाब साधारण 13 टक्क्यांनी उतरतो. ही ओढ जवळजवळ 1.3 मीटर पाण्याच्या दाबाइतकी आहे, म्हणजे बुडवण्याच्या चाचणीपेक्षाही जास्त. त्यातून त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांचं तापमान जवळपास सारखं ठेवतात, त्यामुळे हा प्रकार तिथे दिसतच नाही. शिवाय आयपी67 म्हणजे जोराच्या फवाऱ्यापासून संरक्षण नव्हे. ते आयपी66 मध्ये येतं. गाडी मात्र दर आठवड्याला वॉशिंग रॅम्पवर प्रेशरच्या पाण्याने धुतली जाते. उपाय साधा निघाला: हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी छोटी झडप खालच्या बाजूला बसवली, आणि बुडवण्याआधी नळी तापवून-थंड करून घ्यायची असं आमच्या चाचणीच्या क्रमात घातलं.

ड्रोनविरोधी यंत्रणेत करिअर करायचं म्हणून मला विचारणारी मुलं बहुतेक वेळा सॉफ्टवेअर आणि एआयबद्दल विचारतात. 27 जून 2021 ला जम्मूच्या हवाईदल तळावर ड्रोनमधून स्फोटकं पडल्यापासून या क्षेत्रात काम वाढलं आहे, हे खरं. पण गाडीवरची यंत्रणा ड्रोनचा रेडिओ ऐकते किंवा त्यात अडथळा आणते, ती अँटेनामधूनच. तिथे पाणी साचलं असेल तर मागचं सगळं गणित फुकट.

ड्रोनचं नियंत्रण आणि व्हिडिओ साधारण 433, 868 किंवा 915 मेगाहर्ट्‌झ, 2.4 आणि 5.8 गिगाहर्ट्‌झ अशा पट्ट्यांत चालतं, शिवाय जीपीएस 1575.42 मेगाहर्ट्‌झवर. साधा काडीचा अँटेना साधारण पाव तरंगलांबीचा असतो: 433 ला ती 17 सेंटिमीटर, 5.8 ला जेमतेम 1.3. एवढी तफावत एका काठीत मावत नाही, म्हणून टपावर अँटेनांची गर्दी होते. त्याच टपावर गाडीचा स्वतःचा रेडिओ, जीपीएस, एसीचं खोकं, कॅरियर, स्टेपनीही असते. प्रयोगशाळेत गोल, सुबक दिसणारा पॅटर्न (अँटेनाला कोणत्या दिशेचं किती ऐकू येतं त्याचा आलेख) तिथे कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसतो. मी पहिला आलेख पाहिला तेव्हा केबल सैल असेल म्हणून तासभर कनेक्टर तपासत बसलो होतो. कनेक्टर ठीक होते, आड स्टेपनी येत होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: अँटेना गाडीसकट डिझाइन करावा लागतो. गाडी नंतर येईल, आधी अँटेना करू, असं म्हणणाऱ्या प्रोजेक्टमध्ये मी आता पहिल्याच बैठकीत टपाचं ड्रॉइंग मागतो. लोक वैतागतात.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. 433 साठी, पाव तरंगलांबीपेक्षा जराशी आखूड, साडेसोळा सेंटिमीटरची पितळी काडी घ्या, कनेक्टरला सोल्डर करा आणि नॅनोव्हीएनए या, अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणाऱ्या स्वस्त मापकाला जोडा. आधी नुसतीच मोजा. मग आईची मोठी परात उपडी घालून तिच्या मधोमध बसवा, आणि शेवटी काठाशी. (परातीला भोक पाडू नका, तांब्याची चिकटपट्टी वापरा. मी पाडलं होतं.) तीन वेगळे आलेख येतील. धातूच्या मोठ्या पत्र्यावर अशा काडीचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सुमारे 36 ओहम असतो, म्हणजे 50 ओहमच्या केबलला व्हीएसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, 1 म्हणजे पूर्ण जुळलेले) 1.4 च्या आसपास. पत्रा लहान झाला की पॅटर्न वर उचलला जातो. आणि काहीही केलं तरी उभ्या काडीला थेट डोक्यावरचं जवळजवळ दिसत नाही. विमान शोधताना हा खड्डा फारसा नडत नाही, ते क्षणात पुढे जातं. गाडीच्या वर येऊन थांबणाऱ्या ड्रोनसाठी मात्र वेगळा अँटेना लागतो.

कायद्याचं आधीच सांगतो, कारण दोन हुशार मुलांना यावरून रागवावं लागलं आहे. जॅमर, म्हणजे रेडिओत अडथळा आणणारं यंत्र, बनवणं, विकणं, वापरणं खासगी माणसाला सरकारी परवानगीशिवाय चालत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठीसुद्धा नाही. ऐकण्याचं काम शिका: स्वस्त एसडीआर (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालणारा) रिसीव्हर घ्या, सिग्नल कुठून येतो ते शोधा. प्रक्षेपणाची हौस असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्या. परवाना मिळतो आणि इम्पीडन्स मांडायचा गोल तक्ता, स्मिथ चार्ट, तोही अंगवळणी पडतो.

अभ्यासाबद्दल फार नाही सांगत, पुस्तकं सगळ्यांना माहीत असतात. व्हीएनएचं, म्हणजे वरच्यासारख्या मापकाचं, कॅलिब्रेशन मात्र स्वतःच्या हाताने शंभर वेळा करा. केबलमध्ये 3 डीबी गेले म्हणजे निम्मी शक्ती केबलनेच खाल्ली, हे आकड्यात नाही तर हाताला गरम लागलेल्या केबलवरून कळायला हवं. टॉर्क पाना वापरा. स्टेनलेसच्या एसएमए (केबलच्या टोकाचा छोटा, आट्यांचा) कनेक्टरला साधारण 1 न्यूटन-मीटर पुरतो, हाताच्या अंदाजाने आवळलेला कनेक्टर व्हायब्रेशन टेबलावर सुटतो किंवा आधीच मेलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला पितळेचा तुकडा थेट लावू नका, खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. काळ्या रंगात कार्बन असेल तर रेडोमवर, म्हणजे अँटेनाच्या कवचावर, तो मारू नका. हे सगळं मी चुकूनच शिकलो.

महाराष्ट्रात राहून हे काम करता येतं. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारात समीर ही मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहे, अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा व्हीआरडीई आहे, पुण्यात गिरिनगरला डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात एम.टेक. करता येतं. नोकऱ्या मात्र बऱ्याचशा भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत मिळतात. पहिली दोन वर्षं जेएसएस 55555 या लष्करी मानकाप्रमाणे चाचण्यांचे अहवाल लिहिण्यात जातात: उष्णता, धक्के, खारं धुकं, पाऊस. कंटाळवाणं आहे. पण कोणता भाग कसा मरतो हे तिथेच समजतं. सॉफ्टवेअरवाल्या मित्रांपेक्षा पगार कमी असतो आणि काय करतो ते त्यांना सांगताही येत नाही. माझ्या बायकोला अजून वाटतं मी टीव्हीच्या अँटेनाचं काहीतरी करतो.

एक शंका हमखास येते: ऑप्टिकल फायबरची तार सोडत उडणारे ड्रोन युक्रेनच्या युद्धात आले, त्यांना रेडिओच नाही, मग हे काम संपणार का? अशा ड्रोनवर जॅमिंग चालत नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी रडार आणि कॅमेरे लागतात. रडारलाही अँटेना लागतो, आणि तोही त्याच तापलेल्या, धुतल्या जाणाऱ्या टपावर बसतो.

मुलाखतीला याल तेव्हा परातीचे तिन्ही आलेख घेऊन या. काठावरचा आलेख तसा का आला, एवढंच मी विचारतो.