वय झालेल्या घोड्याला लांब पल्ल्यासाठी तयार करताना

बारा-पंधरा वर्षांच्या घोड्याचा दम लवकर परत येतो, पायांना मात्र वेळ लागतो. फसगत होते ती इथेच. दोन महिन्यांत तो स्वतःहून दुडकी मागतो, मालक पल्ला वाढवतो आणि पुढच्या पायाच्या नळीमागचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सुजतो. स्नायूंना तीन ते सहा महिने पुरतात, टेंडनला सहा ते बारा लागतात. म्हणून ठाण्यात नोव्हेंबरला सुरुवात करा आणि पहिले 20 किलोमीटर पुढच्या हिवाळ्यात धरा.

आधी पशुवैद्याकडून दात, हृदय आणि सांधे तपासून घ्या. चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडत असतील तर दातांच्या टोकदार कडा पशुवैद्याकडून कानशीने घासून घ्याव्या लागतील. उन्हाळ्यातही लांब केस झडत नसतील तर कुशिंग्जची (वयस्क घोड्यांना होणारा संप्रेरकांचा आजार) तपासणी करा, कारण त्यातून खुराच्या आत सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी हवाच.

पहिला महिना नुसती चाल, दिवसाआड 40 मिनिटे. दुसऱ्या महिन्यात हळूहळू दीड तासापर्यंत. नंतर दोन-दोन मिनिटांची दुडकी, मध्ये पाच मिनिटे चाल. एका आठवड्यात अंतर वाढवा किंवा वेग, दोन्ही एकदम कधीच नाही. घोडबंदर रोडच्या डांबरावर दुडकी नको. येऊरचा जंगल भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका. खारघरच्या टेकडीसारखा चढ चालीने फार उपयोगी, पण उतारावर खाली उतरून घोडा हाताने न्या. पुढचे पाय बिघडतात ते उतारावर.

नाडी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोपने मोजा: 15 सेकंद, गुणिले चार. 'लब-डब' मिळून एकच ठोका. विश्रांतीत 28 ते 44. थांबल्यावर दहा मिनिटांत 64 च्या खाली आली नाही, तर आजचे काम जास्त झाले.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. 150 च्या वर घाम नीट वाळत नाही, 180 ला घोडा बाहेर काढूच नका. 28 अंश सेल्सिअस म्हणजे 82. आर्द्रता 85 असेल तर बेरीज 167, तीही पहाटेच! वयस्क घोडा तरण्यापेक्षा लवकर तापतो, तेव्हा अशा दिवशी फक्त चाल. परतल्यावर मान, छाती, मांड्यांमध्ये गार पाणी ओतत राहा. गार पाण्याने स्नायू आखडतात ही भीती सोडा.

400 किलोच्या घोड्याला रोज चंदीतून सुमारे 30 ग्रॅम साधे मीठ द्या. इलेक्ट्रोलाइट (घामातून गेलेले क्षार भरून काढणारे मिश्रण) मात्र पाणी प्यायल्यावरच. कोरड्या पोटी दिले तर अंगातलेच पाणी आतड्यात ओढले जाते.

मानेची चिमटीत धरलेली कातडी दोन सेकंदांत बसत नसेल, पोटाचा आवाज बंद असेल किंवा ठोक्याबरोबर बरगडीमागची कूस उडत असेल, तर खोगीर उतरवा, घोड्याला सावलीत उभा करा आणि लगेच पशुवैद्याला बोलवा.