कॅन बस असलेल्या गाडीत रेडिओ बदलताना या चुका टाळा

जुन्या गाड्यांत कायमचा बॅटरी सप्लाय, चावीबरोबर चालू होणारी एसीसी वायर, अर्थ आणि स्पीकर एवढं जोडलं की रेडिओ वाजायचा. आता बऱ्याच गाड्यांत रेडिओच्या कनेक्टरवर एसीसी वायर नसतेच. चावी फिरली, रिव्हर्स गिअर पडला, स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, हे सगळं रेडिओला कॅन बसवरच्या, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिट्सना जोडणाऱ्या दोन वायरींच्या नेटवर्कवरच्या, संदेशांतून कळतं.

तरीही बल्बवाला टेस्ट लॅम्प घेऊन एसीसी शोधणारे अनेक आहेत. ही सर्वांत महागात पडणारी चूक. हाय-स्पीड कॅनच्या दोन्ही वायरींवर संदेश नसताना साधारण 2.5 व्होल्ट असतात. संदेश जाताना एक 3.5 कडे चढते, दुसरी 1.5 कडे उतरते. तिथे बल्बचा भार पडला की संदेश बिघडतात आणि रेडिओशी संबंध नसलेले वॉर्निंग लाइटही पेटू शकतात. मल्टिमीटरच वापरा. बॅटरी काढून दोन वायरींमधला रोध मोजा. दोन टोकांचे 120 ओहमचे रोधक समांतर असल्याने 60 च्या आसपास यायला हवा. 120 आला तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एक रोधक सुटला आहे. शून्याजवळ आला तर शॉर्ट. लो-स्पीड कॅनला मात्र हा हिशेब लागू नाही. आकडा बरोबर असताना स्वतःहून जादा रोधक लावू नका, आणि कॅनच्या वायरींचा पीळही लांबवर उलगडू नका, बाहेरच्या गोंगाटापासून संदेश वाचवतो तो हा पीळच.

आवाज येतो पण स्टिअरिंगची बटणं मुकी? लगेच डीकोडर, म्हणजे कॅनचे संदेश वाचून नव्या रेडिओला एसीसी आणि बटणांचे सिग्नल देणारा डबा, बदलायला धावू नका. आधी रेडिओच्या सेटिंगमध्ये गाडीचं मॉडेल आणि डीकोडरचा प्रोटोकॉल बरोबर निवडलाय का ते पाहा.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल, तर नव्या रेडिओची एसीसी वायर कायमच्या सप्लायला जोडलेली असण्याची शक्यता मोठी. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. वायर योग्य जागी असेल, तर गाडी बंद केल्यावरही डीकोडर झोपत नसेल, म्हणजे चालूच राहत असेल. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग बॅटरीच्या सिरीजमध्ये अँमीटर लावून करंट पाहा. सर्वसाधारणपणे 50 मिलीअँपिअरच्या आत ठीक मानतात. जास्त असेल तर आधी रेडिओचा फ्यूज काढा, मग डीकोडर, आणि कशाने करंट उतरतो ते पाहा. मीटर जोडलेला असताना गाडी स्टार्ट करू नका.

काही गाड्यांत ऑडिओची जोडणी मोस्ट या प्रकाशतंतूच्या रिंगने असते. रेडिओ काढला की रिंग तुटते आणि अँप्लिफायरही गप्प होतो. तिथे लूप कनेक्टर लावून रिंग पूर्ण करावी लागते.